विज्ञानाची पेटी शाळेत आल्यानंतर

टॉर्चमधला एक छोटा बल्ब, एक सेल आणि वायरचा एकच तुकडा एवढेच साहित्य आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या हाती दिले आणि हा बल्ब लावून दाखवा असे सांगितले, तर पहिली काही मिनिटे बहुतेक गटांचा बल्ब लागत नाही. काही मुले सेलच्या एका टोकापासून वायर काढून ती बल्बच्या तळाच्या ठिपक्याला टेकवतात आणि वाट पाहत बसतात, कारण नळाचे पाणी जसे पाइपातून बादलीत येते तशी वीज वायरमधून बल्बमध्ये येते, अशी त्यांची समजूत असते. काहींना वाटते की सेलच्या दोन्ही टोकांकडून वीज निघते, बल्बमध्ये दोन्ही बाजूंची वीज एकमेकींवर आदळते आणि त्या टकरीतून उजेड पडतो. न्यूझीलंडमधील रॉजर ऑस्बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मुलांच्या अशा कल्पना बारकाईने टिपून ठेवल्या आणि त्यानंतर देशोदेशीच्या अभ्यासकांना आपापल्या मुलांमध्ये जवळपास त्याच कल्पना आढळल्या.

बल्बला जोडणीच्या दोन जागा असतात, एक तळाचा ठिपका आणि दुसरी बाजूचे धातूचे आवरण. हे कळण्यासाठी मुलांना बल्ब हातात घेऊन उलटसुलट करून पाहावा लागतो. सेलचे एक टोक थेट तळाच्या ठिपक्याला टेकवायचे आणि दुसऱ्या टोकापासून निघालेली वायर आवरणाला लावायची, ही युक्ती एखाद्या गटाला सापडते, उजेड पडतो आणि ती क्षणात वर्गभर पसरते. पाठ्यपुस्तकात विद्युत परिपथाची आकृती असतेच, मुले ती वहीत सुबक काढतातही. मात्र आकृती बिनचूक काढणाऱ्या मुलाच्या डोक्यात नळ आणि बादली तशीच राहिलेली असू शकते, आणि ती तेथे आहे हे कोणाला कळतही नाही. कृतियुक्त विज्ञान अभ्यासक्रमाचा खटाटोप ज्या कारणासाठी करायचा, ते कारण हे आहे. मुलांचे मन रमावे, वर्गात चैतन्य यावे, हे लाभही होतात आणि ते मोलाचे आहेत, परंतु मूळ हेतू मुलाच्या मनात आधीपासून असलेली कल्पना उघड्यावर आणण्याचा आणि तिला वस्तूंशी भिडवण्याचा आहे.

प्राथमिक शाळेने असा अभ्यासक्रम स्वीकारला म्हणजे तिने नेमके काय स्वीकारले, याविषयी बराच गोंधळ असतो. अनेकांच्या डोळ्यांसमोर भिंगे, चुंबके, तराजू आणि नळकांडी भरलेली एक रंगीत पेटी येते. पेटी लागतेच, पण ती अभ्यासक्रमाचा एक भाग झाली. तिच्याबरोबर एकाच प्रश्नाभोवती काही आठवडे चालणारी कृतींची मालिका असते, मुले काय म्हणतील याची आधीच कल्पना देणारी शिक्षक हस्तपुस्तिका असते, मुलांची नोंदवही असते आणि या सगळ्याशी सुसंगत असे मूल्यमापन असते. शिक्षकांनी टेबलावर प्रयोग करून दाखवणे आणि मुलांनी बाकावरून पाहणे, हे प्रात्यक्षिक झाले. ते काही वेळा आवश्यकही असते, पण ते कृतियुक्त शिक्षण नव्हे. तसेच कृती, निरीक्षण आणि अनुमान अशा तीन मथळ्यांखाली उत्तर आधीच छापलेले असेल आणि मुलांनी फक्त सांगितलेल्या क्रमाने वस्तू हलवायच्या असतील, तर हात चालतात आणि डोके स्वस्थ बसते. नवीन अभ्यासक्रमाची निवड करणाऱ्या समितीने हा फरक सर्वांत आधी तपासावा, असे मला वाटते.

हा विचार नवा नाही, आणि त्याच्या इतिहासातून आज निर्णय घेणाऱ्या शाळांना बरेच शिकता येते. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडल्यानंतर अमेरिकेत विज्ञान शिक्षणाविषयी मोठी अस्वस्थता पसरली आणि १९६० च्या दशकात शासकीय निधीतून प्राथमिक वर्गांसाठी अनेक कृतियुक्त अभ्यासक्रम तयार झाले. बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्प्लस यांच्या गटाने त्यांपैकी एक घडवला. आधी मुलांनी वस्तू हाताळाव्यात, मग शिक्षकांनी संकल्पना आणि तिचे नाव द्यावे, आणि त्यानंतर मुलांनी ती संकल्पना नव्या ठिकाणी वापरून पाहावी, हा आज सर्वत्र आढळणारा क्रम त्याच कामातून पुढे आला. साहित्य उत्तम होते, ते तयार करणारी माणसे थोर होती, आणि तरीही पुढच्या दशकाच्या अखेरीस केलेल्या पाहण्यांत असे दिसले की बहुसंख्य वर्गांमध्ये विज्ञान पुन्हा पाठ्यपुस्तकातून वाचूनच शिकवले जात होते. संपलेले सेल कोणी बदलायचे, नव्या शिक्षकांना कोणी शिकवायचे आणि तासिकेचा वेळ कोठून आणायचा, या साध्या प्रश्नांची उत्तरे बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नव्हती.

याउलट मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने सुरुवातीपासून या प्रश्नांचा विचार केला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ शाळांमध्ये तो सुरू केला, १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांमध्ये पोहोचला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे चालवला. तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी होता हे खरे, पण प्राथमिक शाळांना त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. विद्यापीठांतील आणि संशोधन संस्थांतील वैज्ञानिक शिक्षकांबरोबर बसून प्रयोग करून पाहत, शिक्षकांच्या मासिक बैठका होत, आणि तेथे वर्गात काय फसले याची उघड चर्चा होई. परीक्षेत मुलांना पुस्तक आणि स्वतःची वही उघडून पाहण्याची मुभा होती, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे मुळे धरलेला कार्यक्रमही एका प्रशासकीय निर्णयाने थांबू शकतो, म्हणूनच अभ्यासक्रम स्वीकारताना पालक, अधिकारी आणि शिक्षक यांना त्यामागचा विचार पुन्हापुन्हा समजावून सांगावा लागतो.

फ्रान्समध्ये १९९६ मध्ये जॉर्ज शार्पाक या नोबेल पारितोषिक विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने प्राथमिक शाळांसाठी अशीच चळवळ सुरू झाली. शिकागोतील शाळांमध्ये भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांनी चालवलेले काम पाहून शार्पाक यांना ही प्रेरणा मिळाली होती. त्या चळवळीच्या तत्त्वांपैकी दोन मला फार महत्त्वाची वाटतात. एक, आठवड्यातून किमान दोन तास एकाच विषयाला, तेही सलग काही आठवडे द्यायचे. दुसरे, प्रत्येक मुलाने प्रयोगाची वही स्वतःच्या शब्दांत लिहायची. ही दोन तत्त्वे कागदावर किरकोळ दिसतात, पण अंमलबजावणीत सर्वांत मोठी ओढाताण नेमकी यांच्याभोवतीच होते.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बाजूला सारण्याजोगा नाही. मुलांसमोर साहित्य ठेवले की ती आपोआप विज्ञान शोधून काढतील, असे मानणे चुकीचे आहे. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडण्याचे साहित्य दिले होते. उताराचा चढ, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, चेंडू कोठून सोडायचा आणि कोणता चेंडू घ्यायचा, हे सगळे बदलता येत होते. चढाचा परिणाम पाहायचा असेल तर बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवून फक्त चढ बदलायला हवा, नाहीतर चेंडू दूर गेला तो चढामुळे की गुळगुळीत पृष्ठभागामुळे हे ठरवता येत नाही. हे तत्त्व ज्या मुलांना उदाहरणे देऊन स्पष्टपणे समजावले, त्यांच्यापैकी बऱ्याच अधिक मुलांना ते आत्मसात झाले. जी मुले पूर्णपणे आपल्या मनाने प्रयोग करत राहिली, त्यांच्यापैकी थोड्यांनाच ते गवसले. येथे लक्षात घ्यावे, की साहित्य दोन्ही गटांच्या हाती होते. फरक शिक्षकाच्या बोलण्याचा होता. म्हणून हाताने करणे की शिक्षकांनी सांगणे, असा वाद घालण्यापेक्षा कोणती गोष्ट केव्हा सांगायची, हा प्रश्न चांगल्या हस्तपुस्तिकेने सोडवलेला असावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तत्त्व सांगावे. बल्ब कसा लागतो, ते शोधू द्यावे.

आता प्रत्यक्ष तासिकेकडे वळू. विषय तरंगणे आणि बुडणे हा आहे असे धरू. शिक्षक पाण्याच्या टबाजवळ मातीचा, म्हणजे खेळण्यातल्या न विरघळणाऱ्या मातीचा, एक गोळा धरून विचारतात की हा तरंगेल की बुडेल. प्रत्येक मुलाने आपला अंदाज आणि त्याचे कारण वहीत लिहायचे. हे लिहिणे आधीच व्हायला हवे, कारण उत्तर दिसल्यावर आपण मुळात काय समजत होतो हे मुलाला आठवत नाही, मोठ्यांनाही आठवत नाही. गोळा बुडतो. जड वस्तू बुडतात, असे मुले म्हणतात. मग तोच गोळा, त्यातली माती जराही कमी न करता, तरंगवून दाखवायचा असे काम गटांना मिळते. कोणी तो चपटा करतो, तो बुडतो. कोणी कडा वर घेऊन वाटीसारखा आकार करतो आणि तो तरंगतो. माती तेवढीच, वजन तेवढेच. मग जड वस्तू बुडतात या विधानाचे काय करायचे? तासिकेतला सर्वांत मौल्यवान भाग येथे सुरू होतो, आणि दुर्दैवाने बहुतेक वर्गांत नेमक्या याच वेळी घंटा होते.

साहित्य वाटण्यात दहा मिनिटे जातात, आवरण्यात आणि फरशी पुसण्यात दहा जातात, आणि चाळीस मिनिटांच्या तासिकेत उरलेला वेळ कृतीलाच पुरत नाही. चर्चा उद्यावर ढकलली जाते, उद्या दुसरा विषय असतो, आणि मुलांच्या लक्षात आपण मातीच्या होड्या केल्या एवढेच राहते. यावर उपाय वेळापत्रकात करावा लागतो: विज्ञानाच्या दोन तासिका जोडून घ्याव्यात आणि वर्षभरातल्या घटकांची संख्या कमी करावी. वीस घटक वरवर उरकण्यापेक्षा सहा-सात घटक नीट करणे मला योग्य वाटते, आणि ज्या शाळेला घटक कमी करण्याची परवानगी किंवा तयारी नाही, तिने हा अभ्यासक्रम तूर्त घेऊ नये असेही मी म्हणेन.

चर्चेत शिक्षकांनी काय करायचे, याविषयी अमेरिकेतील मेरी बड रो यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. शेकडो तासिकांच्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांना १९७० च्या दशकात असे दिसले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली आणि मुले एकमेकांच्या म्हणण्यावर बोलू लागली. तीन सेकंद वर्गापुढे उभे राहून काहीही न बोलणे किती अवघड असते, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. तसेच का हा प्रश्न विचारण्यापेक्षा आणखी काय करून पाहता येईल, तुझ्या होडीत किती मणी मावतील, असे विचारले तर मुले उत्तर शोधण्यासाठी शिक्षकांच्या चेहऱ्याकडे न पाहता टबाकडे पाहतात.

यावरून प्रशिक्षण कसे असावे हेही ठरते. सभागृहात बसवून दिवसभर सरकपट्ट्या दाखवलेले प्रशिक्षण या कामी व्यर्थ आहे. शिक्षकांनी आधी विद्यार्थी होऊन तो बल्ब लावायला हवा, आणि त्यांच्यापैकीही अनेकांचा तो पहिल्या प्रयत्नात लागत नाही. त्या वेळी त्यांना कोणी हसले नाही, तर वर्गातल्या मुलाला हसू न देण्याचे भान त्यांच्यात आपोआप येते. प्राथमिक शाळेतील शिक्षक सर्व विषय शिकवतात आणि त्यांच्यापैकी अनेकांनी विज्ञान शालेय वयातच सोडलेले असते. मुलाने असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर आपल्याला येत नाही, ही भीती त्यांना सर्वांत जास्त छळते. ही भीती एका शिबिराने जात नाही. वर्षभर, महिन्यातून एकदा, एकाच इयत्तेला शिकवणारे शिक्षक मुलांच्या वह्या घेऊन एकत्र बसले, तर ती हळूहळू ओसरते. शाळेने पैशांचे नियोजन करताना पेटीच्या खर्चाबरोबर या बैठकांसाठीचा वेळही धरावा.

पेटीचे गणित साधे असले तरी निष्काळजीपणे केले जाते. चाळीस मुलांचे चार-चारांचे दहा गट झाले तर दहा सेल पुरतील असे वाटते, पण एखादा गट दोन सेल जोडून छोटा बल्ब उडवणारच, म्हणून बल्ब दीडपट लागतात. बी-बियाणे, सेल, फिल्टर कागद, मीठ आणि दोरा हे संपणारे साहित्य आहे आणि ते दर वर्षी भरावे लागते. तराजू, भिंगे आणि टब टिकतात. बिया जुन्या झाल्या की उगवत नाहीत आणि संपूर्ण वर्गाचा दोन आठवड्यांचा प्रयोग वाया जातो, म्हणून तासिकेच्या आठवडाभर आधी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते पाहावे. पेटी भरण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर, लेखी आणि ठरावीक महिन्यात असावी. ती सर्वांची असली की ती कोणाचीच राहत नाही, आणि दुसऱ्या वर्षी अर्धी रिकामी पेटी कपाटावर जाऊन बसते.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात सांगायचे तर भिंतीतल्या सॉकेटची वीज या वयाच्या प्रयोगांत कधीही वापरू नये, आणि सेलची दोन टोके एकाच वायरने थेट जोडली तर वायर व सेल तापतात हे मुलांना आधी सांगावे. पाऱ्याचे थर्मामीटर, नाण्यासारखे छोटे बटण सेल आणि बारीक पण शक्तिशाली चुंबके पेटीत नसावीत. अशी दोन चुंबके गिळली गेल्यास ती आतड्यांच्या आरपार एकमेकांना खेचून गंभीर इजा करतात. भिंगातून सूर्याकडे पाहायचे नाही, हे प्रत्येक वेळी सांगावे.

मूल्यमापन बदलले नाही तर बाकी काहीही टिकत नाही. वर्षभर बिया रुजवून शेवटी बीजाच्या भागांची नावे लिहा असा प्रश्न आला, तर मुले आणि पालक योग्य तो निष्कर्ष काढतात आणि पुढच्या वर्षी पाठांतर सुरू होते. त्याऐवजी असा प्रश्न देता येतो: एका मुलीने एक कुंडी उन्हात ठेवून तिला रोज पाणी घातले, दुसरी अंधाऱ्या खोलीत ठेवली आणि तिला पाणी घातले नाही, पहिल्या कुंडीतील बिया रुजल्या, दुसऱ्या कुंडीतील रुजल्या नाहीत, तर बिया रुजायला ऊन लागते असे तिला म्हणता येईल का, आणि नसेल तर तिने काय करायला हवे होते? याचे उत्तर पाठ करता येत नाही. ज्या मुलाने उतारावरचा चेंडू मन लावून सोडला आहे, त्याला ते सुचते. वहीला गुण देताना अंदाज चुकला म्हणून गुण कापू नयेत, कारण एकदा ते कापले गेले की पुढच्या वेळी मुले आधी उत्तर पाहून मग अंदाज लिहू लागतात.

पालकांची काळजी समजून घेण्याजोगी आहे. त्यांच्या हाती खाडाखोडीची, चुकीच्या अंदाजांची, वेड्यावाकड्या आकृत्यांची वही येते आणि मूल मागे पडते आहे असे त्यांना वाटते. वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना शाळेत बोलावून तोच बल्ब, तोच सेल आणि वायरचा तोच एक तुकडा त्यांच्या हाती द्यावा. पत्रके वाटण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

सगळ्या इयत्तांमध्ये एकाच जूनपासून बदल करण्याची घाई टाळावी. पहिल्या वर्षी प्रत्येक इयत्तेत दोन घटक, तेही तयारी दाखवणाऱ्या शिक्षकांच्या वर्गांत, एवढे पुरेसे आहे. त्या वर्षी गोंधळ होतो, साहित्य कमी पडते, वेळ चुकतो. दुसऱ्या वर्षी व्यवस्था बसते. तिसऱ्या वर्षी शिक्षकांचे लक्ष साहित्यावरून मुलांच्या बोलण्याकडे वळते आणि अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने सुरू होतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या गुणांवरून त्याचा निकाल लावणे अन्यायाचे आहे. या तीन वर्षांत शिक्षकांच्या बदल्या होतातच. तेव्हा प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवून ठेवावा आणि घटक संपला की त्यावर तारीख घालून लिहावे, की कोणते साहित्य संपले, कोणती कृती चालली नाही आणि मुलांनी कोणती अनपेक्षित उत्तरे दिली, म्हणजे जूनमध्ये ती पेटी प्रथमच उघडणाऱ्या नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी कळेल की सेलच्या दोन्ही टोकांकडून निघालेल्या विजेच्या टकरीची गोष्ट याही वर्गात कोणीतरी सांगणार आहे.